गाण्याची गवाही

नगरपालिकेच्या निवडणुका लागल्या की आमच्या गावात रिक्षांवर कर्णे बांधले जात. गोष्ट १९९० नंतरच्या दशकातली, कॅसेटच्या दिवसांतली. आमच्या मोहल्ल्यात एक कव्वाल राहत. लहानथोर सारे त्यांना चाचा म्हणत. एका वर्षी उर्साच्या रात्री त्यांनी गायिलेली कव्वाली कुणीतरी टेपवर उतरवून घेतली आणि पुढच्या निवडणुकीत तीच चाल, तोच आलाप एका उमेदवाराच्या रिक्षावरून गल्लीगल्लीत वाजू लागला. मधल्या ओळी कुठल्याशा पोराने नव्या गाऊन घातल्या होत्या. त्यात उमेदवाराचे नाव, निशाणी सारे काही होते. पण उचललेला सूर चाचांचाच होता आणि तो ओळखायला मोहल्ल्याला अर्धे मिनिटसुद्धा लागले नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात एकाने विचारलेच, "क्या चाचा, उनमें कब गये?" चाचा ग्लास तसाच ठेवून उठले. म्हणाले, "आवाज मेरा है, पन गवाही मेरी नहीं."

कोण कुणाच्या बाजूला, ही आमच्यासारख्या वस्त्यांत गमतीची बाब नसते हे वाचकांना सांगायला नको. निकाल लागल्यावर नळाचे पाणी, रेशनकार्ड, पोलीस चौकीतला एखादा शब्द, सगळ्यालाच त्याचा वास लागतो. मत गुप्त असते ते याचसाठी. चाचांचे मत एका रिक्षाने चार दिवस गावभर जाहीर केले, आणि ते त्यांचे मतच नव्हते.

हे दुःख आमच्या गावापुरतेच आहे असे आम्ही बरीच वर्षे समजत होतो. पुढे अमेरिकेतील गायक आणि राजकारणी यांच्या भांडणांविषयी वाचनात येऊ लागले, तेव्हा ध्यानात आले की चाचांनी चहाच्या हॉटेलात जे एका वाक्यात सांगितले, त्यावर तिकडे चाळीस वर्षे वाद चालला आहे.

गाणे आणि राजकारण यांचे नाते जुने आहे आणि त्यात मुळात वाईट काही नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना शाहीर नसते तर त्या लढ्याचा रंग निराळाच झाला असता. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजेच अमर शेख, त्यांच्याबरोबर अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर. ही माणसे लाल बावटा कलापथकातून पुढे आली आणि त्यांनी आपले गाणे उघड उघड एका बाजूला दिले. अमर शेखांचा आवाज कुणाचा प्रचार करीत होता, याबद्दल कुणाच्या मनात संशय नव्हता, कारण त्या आवाजाबरोबर अमर शेख स्वतः डफ घेऊन उभे असत. पटले नसते तर ते आलेच नसते. अमेरिकेतही १९६० साली फ्रँक सिनात्रा यांनी आपल्या 'हाय होप्स' या गाण्यात नवे शब्द घालून ते जॉन केनेडी यांच्या प्रचारासाठी स्वतः गायिले. तेही रीतसरच होते. माणूस आला, गायिला, आपली बाजू सांगून गेला.

अडचण सुरू झाली ती ध्वनिमुद्रणाने. तबकडी आल्यावर आवाज माणसापासून सुटा झाला. गायक घरी बसलेला आणि त्याचा आवाज सभेत उभा, हे शक्य झाले. आपल्याकडे आणीबाणीत १९७६ साली याची उलटी बाजू दिसली. किशोर कुमार यांनी सरकारी प्रचाराला गाण्यास नकार दिला, तर आकाशवाणीवरून त्यांच्या तबकड्याच बंद झाल्या. माणूस येत नाही म्हणून त्याचा आवाज कोंडण्याचा हा प्रकार. अमेरिकेतील उमेदवारांनी याच्या उलट युक्ती केली. माणूस येत नाही? नको येऊ दे. त्याची तबकडी तर आहे!

१९८४ साली अध्यक्ष रोनाल्ड रेगन दुसऱ्या निवडणुकीला उभे होते. त्या वर्षी ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे गाणे देशभर गाजत होते. गाणे आहे व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या एका सैनिकाचे. पण धृपद इतके दणदणीत की वरवर ऐकणाऱ्याला ते देशाचा जयजयकार वाटावे. सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतील हॅमन्टन येथील सभेत रेगन यांनी स्प्रिंगस्टीन यांचे नाव घेतले आणि त्यांची गाणी ज्या आशेचा संदेश देतात तोच आपला कार्यक्रम आहे अशा अर्थाचे बोलून टाकले. काही दिवसांनी पिट्सबर्गच्या मंचावरून स्प्रिंगस्टीन यांनी, राष्ट्राध्यक्षांना आपली नेमकी कोणती तबकडी आवडत असावी बरे, असा तिरकस प्रश्न विचारला आणि नोकरी गेलेल्या एका कामगाराचे गाणे गायिले. ना कोर्ट, ना नोटीस. गाण्याला गाण्याने उत्तर. पुढच्या काळात हा बाणा दुर्मिळ होत गेला आणि वकील पुढे आले.

त्या पुढच्या काळाचा सारा इतिहास सांगायचा म्हटले तर नावांची जंत्री होईल. आम्हांला त्यात एकाच घरातली दोन गाणी महत्त्वाची वाटतात, कारण चाचांचा प्रश्न त्यांत पुरता उलगडतो. ती समजण्यासाठी थोडे मागे, टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात जावे लागेल.

मेम्फिसच्या मॅक्लेमोर रस्त्यावर एक बंद पडलेले सिनेमागृह होते. जिम स्टुअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन या गोऱ्या भावंडांनी तेथे ध्वनिमुद्रणाची कंपनी थाटली. तिचे नाव पुढे स्टॅक्स पडले. शहरात काळ्या आणि गोऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या. पण या सिनेमागृहात काळे आणि गोरे वादक एकाच खोलीत बसून वाजवीत. रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात डेव्हिड पोर्टर नावाचा एक काळा तरुण पिशव्या भरून देण्याचे काम करी. तो गाणी लिहू लागला. त्याला जोडीदार मिळाला आयझॅक हेज. हा आजी-आजोबांनी वाढवलेला, लहानपणी कापूस वेचलेला मुलगा पियानोवर बसून चाली बांधी. या दोघांनी लिहावे आणि सॅम मूर व डेव्ह प्रेटर या गायकांच्या जोडीने गावे, असा रिवाज पडला.

१९६६ साली या चौघांचे 'होल्ड ऑन, आय ॲम कमिंग' निघाले. त्याच्या जन्माची कथा हेज आणि पोर्टर दोघेही हसत सांगत. काम अडले होते, पोर्टर शौचालयात जाऊन बसले, हेज बाहेरून घाई करू लागले, आणि आतून आलेल्या 'थांब, येतोय' या उत्तराचेच गाणे झाले! अडचणीत सापडलेल्याला 'धीर धर, मी येतो आहे' असे सांगणारे हे गाणे काळ्या श्रोत्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

दुसरे गाणे १९६७ चे, 'सोल मॅन'. त्याचा उगम मात्र हसण्यासारखा नाही. त्या जुलैत डेट्रॉइट शहरात मोठी दंगल झाली, ४३ माणसे मेली. दूरचित्रवाणीवर बातम्या पाहताना हेज यांच्या नजरेस आले की काळ्या मालकांनी आपापल्या दुकानांवर 'सोल' हा शब्द लिहून ठेवला आहे. सोल म्हणजे रूह. हा शब्द ज्या दारावर असेल ते जाळणारे सोडून देत. हेज यांना बायबलमधील ती हकीकत आठवली, ज्यात इजिप्तमधील बनी इस्राईलच्या दारांवर खूण केलेली असते आणि संकट ती घरे ओलांडून पुढे जाते. हजरत मूसांच्या काळापासून चालत आलेली ही दाराची खूण. आपल्याकडेही ज्यांनी दंगलीच्या रात्री काढल्या आहेत त्यांना दारावरची खूण म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगायची गरज नाही. कधी ती वाचवते, कधी नेमके उलटे करते. त्या खुणेचा अभिमान हेज आणि पोर्टर यांनी गाण्यात आणला.

आता मालकीकडे वळू. स्टॅक्सची गाणी देशभर विकण्याचे काम न्यूयॉर्कची अटलांटिक कंपनी करी. १९६८ साली हा व्यवहार तुटला तेव्हा स्टॅक्सला कळले की, करारातील कलमानुसार तोवर अटलांटिकने विकलेल्या सगळ्या मुद्रणांची मालकी अटलांटिकचीच झाली आहे. कागद नीट न वाचता सही केली होती. त्याच वर्षी ४ एप्रिलला मेम्फिसच्या लॉरेन मोटेलमध्ये मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला. हे मोटेल म्हणजे स्टॅक्सच्या कलावंतांची बसण्या-उठण्याची जागा. हेज पुढे स्वतः गाऊ लागले, 'शाफ्ट'च्या गाण्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. पण १९७६ साली त्यांचे दिवाळे निघाले आणि आपल्याच गाण्यांचे पुढचे उत्पन्न त्यांच्या हातून गेले. गायक सॅम मूर यांची कथा याहून निराळी नाही. अमेरिकी कायद्यात गाणे रेडिओवर वाजले की पैसे गीतकार-संगीतकाराला आणि त्यांच्या प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला नाही. हा कायदा बदलावा म्हणून मूर संसदेच्या समितीपुढे साक्ष देऊन आले, पण व्यर्थ. म्हणजे ज्यांनी लिहिले त्यांच्या हाती हक्क पुरता राहिला नाही, आणि ज्याचा आवाज त्याला हक्क मुळातच नव्हता.

अशा स्थितीत १९९६ ची निवडणूक आली. बिल क्लिंटन यांच्याविरुद्ध रिपब्लिकन पक्षाचे बॉब डोल उभे होते. 'सोल'शी 'डोल'चे यमक जुळते, एवढ्या पुण्याईवर 'सोल मॅन'चे 'डोल मॅन' झाले! आणि ते गायिले कुणी? खुद्द सॅम मूर यांनी. त्यांची त्याला राजीखुशी होती. आक्षेप आला तो लिहिणाऱ्यांच्या बाजूने. हेज यांनी, लोकांचा समज होईल की मी आणि पोर्टर डोल यांच्या पाठीशी आहोत, आणि तसे नाही, असे जाहीर सांगितले. गाण्याच्या हक्कात भागीदार असलेल्या रॉन्डॉर या प्रकाशन कंपनीने प्रत्येक वापरामागे एक लाख डॉलरपर्यंतच्या नुकसानभरपाईचा इशारा दिला. प्रचारातून गाणे निघाले. डेट्रॉइटच्या जळत्या रात्रीत दारावर लिहिलेल्या शब्दाच्या जागी एका सिनेटरचे आडनाव बसवताना कुणाला काही खटकले की नाही, देव जाणे. डोल हे दुसऱ्या महायुद्धात जबर जखमी झालेले गृहस्थ, व्यक्तिशः त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. पण यमक जुळले म्हणून अर्थ जुळत नाही.

बारा वर्षांनी पाळी उलटली. २००८ साली बराक ओबामा यांच्या सभांत 'होल्ड ऑन, आय ॲम कमिंग' वाजू लागले. येथे कुणालाही वाटेल की मेम्फिसच्या काळ्या कलावंतांना याहून मोठा आनंद तो कोणता? आणि सॅम मूर यांना आनंद झालाही होता. त्यांनी ओबामांना पत्र लिहिले. डॉ. किंग यांच्याबरोबरच्या दिवसांत रस्त्यावर आपण दगड खाल्ले आहेत, तुमच्यासारखा माणूस या पदासाठी उभा राहिलेला हयातीत पाहायला मिळाला याचा हर्ष आहे, असे त्यात होते. आणि त्याच पत्रात, माझे मत माझ्यात आणि मतपेटीत आहे, मी तुम्हांला पाठिंबा जाहीर केलेला नाही, तेव्हा माझा आवाज वापरू नका, अशी विनंतीही होती. ओबामांच्या लोकांनी ती मानली.

हे पत्र आम्हांला या साऱ्या इतिहासात फार मोलाचे वाटते. विरोधकाला 'माझे गाणे वाजवू नकोस' म्हणणे सोपे आहे. जो आवडतो, ज्याच्या विजयाने आपला ऊर भरून येईल, त्यालाही 'विचारल्याशिवाय नको' म्हणणे अवघड आहे. मूर यांनी कॉपीराइटचा मुद्दा काढलाच नाही, काढता आलाही नसता. त्यांनी मतदानाच्या गुप्ततेचा मुद्दा काढला. आमच्या चाचांचेही हेच म्हणणे होते. न विचारता घेतलेला आवाज ही खोटी गवाही आहे, मग ज्याच्या बाजूने ती दिली जाते तो माणूस भला असो की बुरा.

यानंतरचा टप्पा डोनाल्ड ट्रम्प यांचा. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत एका बंदूकधाऱ्याने १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या. त्यानंतर तीनच दिवसांनी त्याच राज्यातील ह्यूस्टन येथे बंदूकधारकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले, तेथे ट्रम्प यांचे भाषण झाले आणि हेच गाणे वाजले. 'धीर धर, मी येतो आहे' हे शब्द त्या आठवड्यात त्या सभागृहात! डेव्हिड पोर्टर यांनी ट्विटरवर तिखट नकार नोंदवला. हेज तोवर हयात नव्हते, ते ऑगस्ट २००८ मध्येच वारले होते. त्यांच्या मुलाने वडिलांच्या वतीने निषेध केला. तरी पुढे दोन वर्षे ट्रम्प यांच्या सभांतून ते वाजतच राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये हेज यांच्या वारसांनी शंभरहून अधिक वापरांचा हिशेब मांडून ३० लाख डॉलर मागितले आणि अटलांटाच्या फेडरल कोर्टात दावा लावला.

दाव्यात बोलणे झाले ते परवान्यांवर. अमेरिकेत सार्वजनिक ठिकाणी गाणे वाजवायचे तर गीतकार-संगीतकारांच्या संस्थांकडून एकगठ्ठा परवाना मिळतो. सभागृहांकडे तो बहुधा असतोच. राजकीय मोहिमांसाठी या संस्थांनी वेगळा परवाना काढला आणि त्यात एक सोय ठेवली. गीतकाराने आक्षेप घेतला तर त्याचे गाणे यादीतून वगळता येते. बीएमआय या संस्थेने २०२४ च्या मध्याला हे गाणे वगळल्याचे ट्रम्प यांच्या मोहिमेला कळवले होते. प्रतिपक्षाचे वकील म्हणाले, परवाना आमच्याकडे होता, आणि मुळात या गाण्याचा हक्क वारसांकडे आहे हे तरी सिद्ध कुठे झाले? पन्नास-साठ वर्षांत हात बदलत गेलेल्या कागदांचे भूत पुन्हा उभे राहिले. ३ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायाधीश थॉमस थ्रॅश यांनी गाणे पुढे न वापरण्याचा तात्पुरता मनाई हुकूम दिला. आधीच प्रसृत झालेल्या चित्रफिती काढून टाकण्याचा हुकूम मात्र त्यांनी दिला नाही.

आणि या दाव्यात सॅम मूर कोणत्या बाजूला होते? ट्रम्प यांच्या. २०१७ च्या शपथविधीच्या समारंभात ते गायिले होते, आणि २०२४ मध्ये त्यांनी वारसांच्या मागणीविरुद्ध कोर्टात लेखी निवेदन दिले. काहींना यात मूर यांची धरसोड दिसली. आम्हांला तशी ती वाटत नाही. १९९६ ला त्यांनी स्वतः जाऊन गायिले, २००८ ला न विचारता घेतले म्हणून नाही म्हटले, २०२४ ला त्यांची संमती होती. तिन्ही वेळा गवाही त्यांचीच होती, आणि ती कुणाला द्यायची हे ठरवायचा हक्क त्यांनी सोडला नाही. पोर्टर आणि हेज यांच्या मुलाची गवाही दुसरीकडे होती, तीही तितकीच खरी. एकाच गाण्यात तीन-चार माणसे राहतात. कायद्याने त्यांतल्या एकाला मालक ठरवले की बाकीच्यांनी गप्प बसायचे, एवढेच काय ते उत्तर कोर्टापाशी आहे. सॅम मूर जानेवारी २०२५ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी वारले.

आपल्या देशात हे उत्तर आणखी अपुरे होते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने चित्रपटासाठी पैसे देऊन करवून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता ठरला. त्यामुळे २००९ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने 'जय हो' प्रचारासाठी घेतले तेव्हा हक्काचा व्यवहार झाला तो टी-सीरिज कंपनीशी. ए. आर. रहमान यांची चाल, गुलजार यांचे शब्द, त्यांना ऑस्कर मिळून दोन-तीन महिनेही लोटले नव्हते. भाजपने लगेच त्याचे 'भय हो' असे विडंबन काढले. एका चालीवर दोन पक्ष भांडले. पुढे जावेद अख्तर राज्यसभेत गेले आणि त्यांनी हा विषय लावून धरला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही असे ठरले. याच दुरुस्तीत आणखी एक कलम आले, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. गाणाऱ्यालाही नैतिक हक्क मिळाला. आपल्या गायनाची मोडतोड करून अब्रूला धक्का लागेल असे काही कुणी केले तर तो दाद मागू शकतो. लेखकाला असा हक्क आपल्या १९५७ च्या कायद्यात पूर्वीपासून आहे. अमेरिकेत गाणाऱ्याला असे कलम नाही. तेथील गायक खोट्या पाठिंब्याचा मुद्दा व्यापारचिन्हाच्या कायद्यातून आडवळणाने मांडतात. निदान कागदावर तरी आपण येथे दोन पावले पुढे आहोत.

चाचांच्या वेळी हे कलम नव्हते, आणि असते तरी वकिलाच्या फीची सोय नव्हती. रिक्षा मतदानाच्या दोन दिवस आधी नियमाप्रमाणे बंद झाली. तोवर चाचांनी रोज इशाच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या प्रत्येक हॉटेलात जाऊन, ती टेप उर्सातली आहे, मी कुणासाठी गायिलेलो नाही, असे सांगितले. कुणी विश्वास ठेवला, कुणी चहा पाजून हसले. त्यानंतर उर्साच्या रात्री कुणी टेपरेकॉर्डर घेऊन पुढे बसलेला दिसला की चाचा पेटीवरचा हात उचलत आणि तो बंद होईपर्यंत थांबून राहत.